कार्डधारक गेल्यानंतरची वसुली: एका खासगी बँकेच्या सेवेचं परीक्षण

क्रेडिट कार्डावर पॉइंट किती मिळतात, लाउंज फुकट आहे का, वार्षिक शुल्क माफ होतं का, यावर परीक्षणं पुष्कळ सापडतात. कार्डधारक वारल्यावर तीच बँक त्याच्या घरच्यांशी कशी वागते, हे सहसा कुणी लिहीत नाही. ज्यांच्या वाट्याला ते येतं, त्यांच्यात तेव्हा लिहिण्याचं त्राण नसतं. माझा थोरला भाऊ गेला आणि त्याच्या मागे ही सेवा आमच्या घराने पाचेक महिने घेतली. पाचपैकी एक तारा देतोय. तो एकही कुणामुळे, ते पुढे सांगतो. बँकेचं नाव लिहीत नाही. माझं भांडण त्या पद्धतीशी आहे, आणि ही पद्धत त्या एकाच बँकेत असेल असं मला वाटत नाही.

मी स्वतः वसुलीतला माणूस आहे, हे आधीच सांगायला हवं. एका पतसंस्थेच्या वसुली विभागात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचे दाखले काढले आहेत, जप्तीच्या वेळी हजर राहिलो आहे, थकबाकीदाराच्या दारात उभा राहून शिव्याही खाल्ल्या आहेत. घेतलेलं कर्ज फेडलंच पाहिजे, कारण ते कुणा ना कुणा ठेवीदाराचे पैसे असतात, या मताचा मी आजही आहे. कर्ज मागूच नये, असं मला म्हणायचं नाही. कुणाकडे मागायचं, कशातून मागायचं आणि मागताना खरं बोलायचं की नाही, एवढ्यापुरतंच हे परीक्षण आहे.

पतसंस्थेत कर्जदार वारल्याचं कळलं की खात्यावर 'मयत' असा शेरा पडतो आणि तिथून पुढे सगळी रीत बदलते. फोन बंद होतात. आधी सभासदाचे शेअर्स आणि ठेवी किती आहेत ते पाहिलं जातं, मग जामीनदारांना पत्र जातं, मग वारसांना. वारसांच्या पत्रात शिल्लक किती, व्याज कोणत्या तारखेपर्यंतचं, तारण काय आणि कुणाला भेटायचं, एवढंच असतं. छोट्याशा संस्थेला जे जमतं ते एवढ्या मोठ्या बँकेला का जमू नये, हा प्रश्न मला या सगळ्या काळात सतत पडत होता.

आता दादाचा हिशेब. एका राष्ट्रीयीकृत बँकेत घरकर्ज, दादा आणि वहिनी दोघांच्या नावावर. या खासगी बँकेत बचत खातं, त्यात अडतीस हजार. तिथेच दीड लाखाची मुदत ठेव. दोन्हींवर वहिनींचं नामांकन. आणि त्याच बँकेचं क्रेडिट कार्ड, ज्यावर दादा गेला त्या तारखेला एक लाख बारा हजार चारशे रुपये बाकी होती. त्यातला मोठा भाग त्याच्याच दवाखान्याचा. वारस दोघंच, वहिनी आणि पुतण्या. आई आधीच गेली होती, नाहीतर हिंदू वारसा कायद्याने तिचाही बरोबरीचा हिस्सा असता आणि कागदांवर तिचीही सही लागली असती.

मृत्यूची खबर देणं हीच पहिली परीक्षा. शाखेत मृत्यूचा दाखला घेऊन गेलो तर 'कार्ड विभाग वेगळा आहे, कस्टमर केअरला फोन करा' असं उत्तर. कस्टमर केअरला फोन लावला की मशीन कार्ड नंबर विचारतं, मग नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवतं. दादाचा फोन वहिनींकडे होता म्हणून पुढे सरकलो. पलीकडून मुलगी बोलली, "सुरक्षेच्या कारणास्तव कार्डधारकांशीच बोलावं लागेल, त्यांना फोनवर द्या." मी म्हटलं, ते वारले, तेच कळवायला फोन केलाय. ती क्षणभर थांबली आणि तेच वाक्य पुन्हा बोलली. तिचा दोष मी धरत नाही. तिच्यासमोरच्या स्क्रीनवर या प्रसंगासाठी दुसरं वाक्यच नसणार. ग्राहक कधीतरी मरणार हे बँकेला ठाऊक नाही असं कसं म्हणावं? विमा विकताना तर नेमकं तेच ठाऊक असतं.

शेवटी दाखला ईमेलने पाठवला. पोच आली ती दादाच्याच नावाने, 'आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभार' अशी. पुढच्या स्टेटमेंटमध्ये विलंब शुल्क लागलं, त्यावर जीएसटी, आणि महिन्याला साडेतीन टक्क्यांचं व्याज. त्याच्या पुढच्यातही तेच. वसुलीवाल्यांच्या तोंडी आकडा एक लाख पंचेचाळीस हजारांच्या वर गेला तेव्हा मी कागद घेऊन बसलो. मृत्यूनंतर एका पैशाची खरेदी नव्हती. वाढलेलं सगळं व्याज आणि दंड, आणि तेही खबर लेखी पोचल्यानंतरचं.

फोन सुरू झाले तेव्हा दादाचे दिवससुद्धा व्हायचे होते. बहुतेक बँकांनी स्वतःच्या संकेतस्थळावर वसुलीचं धोरण टाकलेलं असतं आणि त्यात एक कलम असतं की कुटुंबात मृत्यू किंवा तशीच आपत्ती असेल तर वसुलीसाठी फोन किंवा भेट टाळली जाईल. याही बँकेच्या धोरणात ते आहे. मी छापून घेतलं, कारण पुढे ते लागणार हे दिसत होतं. रिझर्व्ह बँकेचं १२ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रकही काढून ठेवलं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, धमकी किंवा छळ नाही, कर्जदाराच्या कुटुंबीयांच्या आणि मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसायचं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. एजन्सी बाहेरची असली तरी जबाबदारी बँकेचीच, हेही आहे.

एक फोन मी वहिनींशेजारी बसून स्पीकरवर ऐकला. तो जसाच्या तसा सांगतो, कारण या सेवेचा गाभा त्यात आहे. आवाज तरुण, मराठी चांगलं. सुरुवातीला म्हणाला, "ताई, ऐकून वाईट वाटलं." आणि त्याच दमात, "मग आता हे पेमेंट कोण बघणार?" वहिनी म्हणाल्या, मला त्यातलं काही कळत नाही, भाऊजींशी बोला. तो म्हणाला, "तुम्ही पत्नी आहात ना? मग जबाबदारी तुमचीच येते ना, ताई. साहेबांच्या नावावर डाग राहावा असं तुम्हाला वाटतं का?" वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याचा सूर एकदम मऊ झाला. "पूर्ण नका भरू. आज फक्त हजार रुपये टाका, लिंक पाठवतो. अकाउंट चालू राहील, दंड थांबेल. कधी टाकता ते सांगा, तारीख लिहून घेतो."

यातलं एकेक वाक्य मला ओळखीचं आहे. ती कुठे बसून घडवली जातात तेही मी पाहिलंय, म्हणून त्यांची उकल करतो.

'पत्नी म्हणून जबाबदारी तुमची' हे खोटं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० नुसार वारसाची जबाबदारी मृताच्या मालमत्तेपैकी जेवढी त्याच्या हाती आली तेवढ्यापुरतीच असते. कलम ५२ नुसार कोर्टाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणीही त्या मालमत्तेवरच व्हायची. वहिनींच्या पगारावर, त्यांच्या दागिन्यांवर, त्यांच्या स्वतःच्या खात्यावर या कार्डाचा काडीचा हक्क नाही. बायको सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर गोष्ट निराळी, कारण तिथे तिने स्वतः सही केलेली असते. मूळ कार्डावर घरच्या माणसाच्या नावे दिलेलं जोडकार्ड असलं तरी घाबरायचं कारण नाही, त्यावरच्या खर्चाची जबाबदारीही मूळ कार्डधारकाचीच असते. आणि नामांकन म्हणजे कर्जाची हमी नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुतण्याला फोनवर कुणीतरी सांगितलं होतं की नॉमिनी असल्यामुळे आईला भरावंच लागेल.

'हजार रुपये टाका' हे वाक्य सगळ्यांत गोड, म्हणून सगळ्यांत घातक. त्या हजाराने दंड थांबत नाही. त्याने होतं ते एवढंच की घरातल्या कुणीतरी हे देणं मान्य केलं अशी नोंद पडते आणि पुढचा फोन 'मागच्या वेळी भरलेत, आता का नाही' इथून सुरू होतो. शिवाय विनातारण कर्जाचा दावा लावायला मुदत कायद्याने तीन वर्षं असतात, आणि जबाबदार व्यक्तीने लेखी कबुली दिली किंवा हप्ता भरला की ती मुदत नव्याने मोजली जाते. हे त्या पोराला माहीत असेल किंवा नसेल, ज्याने त्याला वाक्य लिहून दिलं त्याला नक्की माहीत आहे.

पुतण्याची धास्ती वेगळ्या दिशेने घातली गेली. त्याची पहिलीच नोकरी. त्याला ऑफिसमध्ये फोन गेला की वडिलांचं कार्ड थकलं तर तुझा सिबिल खराब होईल, उद्या तुला घरकर्ज मिळणार नाही. पोरगं घाबरलं. पगारातून हप्ते पाडून घ्यायच्या तयारीत होतं, आईला न सांगता. सिबिलचा अहवाल हा ज्याच्या पॅनवर कर्ज आहे त्याचा असतो. बापाच्या कार्डाची नोंद मुलाच्या अहवालात जाण्याचं काही कारणच नाही, जोवर मुलाने कुठे सही केलेली नाही. दुसऱ्या एका फोनवर त्याला 'मुलाचं कर्तव्य' सांगण्यात आलं. बापाचं ऋण मुलाने फेडावं हे बंधन जुन्या हिंदू कायद्यात होतं खरं. पण हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती झाली आणि ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी केवळ त्या धार्मिक बंधनाच्या आधारावर मुलावर दावा चालत नाही. कार्ड त्यानंतर कितीतरी वर्षांनी घेतलेलं. चोवीस वर्षांच्या मुलाला हे कुणी सांगायचं?

लोकअदालतीची नोटीसही आली. पाकिटावर न्यायालयाचं नाव पाहून वहिनींची रात्रभर झोप उडाली. दावा दाखल होण्यापूर्वीच्या प्रकरणांत लोकअदालत म्हणजे दोन्ही बाजूंच्या राजीखुशीने तडजोड करायची जागा. तिथे गेलं नाही म्हणून पोलीस येत नाहीत, वॉरंट निघत नाही. कार्ड थकणं हा दिवाणी मामला आहे. खुद्द लोकअदालतीबद्दल मला आदर आहे, आमच्या संस्थेची कितीतरी प्रकरणं तिथे दोन्हीकडच्या समाधानाने मिटली आहेत. पण तिच्या नोटिशीचा उपयोग विधवेला घाबरवायला करावा, हे मला पटत नाही.

मग एक मुलगा घरी आला. मी नेमका तिथेच होतो. बूट काढून आत आला, खुर्चीच्या कडेवर बसला. ओळखपत्र विचारलं, ते होतं. बँकेचं अधिकारपत्र विचारलं, ते नव्हतं. डीआरए झालंय का विचारलं, म्हणजे वसुली एजंटसाठी बँकिंग इन्स्टिट्यूटचं जे प्रशिक्षण आणि परीक्षा असते ती. म्हणाला, "फॉर्म भरलाय, साहेब." मी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं की मी याच लाइनीतला आहे. तेव्हा त्याचे खांदे सैल झाले. त्याच्या मोबाइलवर खात्याचं पान उघडं होतं, त्याने ते मला दाखवलं. दादाचं नाव, बाकी, किती दिवस थकलं ते, थकबाकीच्या कोणत्या गटात, म्हणजे बकेटमध्ये, आहे ते, आणि खाली शेऱ्यांची रांग: 'ग्राहकाचा फोन बंद', 'पत्नीशी बोललो, नंतर भरू म्हणाली', 'मुलगा टाळतो'. वर ग्राहकाची स्थिती दाखवायची जागा होती, तिथे 'टाळाटाळ' असा पर्याय निवडलेला. त्यात 'मयत' हा पर्यायच नव्हता. मी त्याला यादी पूर्ण खाली सरकवायला लावली. नव्हताच.

त्या एका पडद्यावर मला सगळं प्रकरण उलगडलं. आम्ही दाखला बँकेला देऊन कितीतरी आठवडे झाले होते. बँकेने तो एजन्सीला कळवलाच नव्हता. एजन्सीच्या लेखी माझा भाऊ जिवंत होता आणि पैसे द्यायला टाळाटाळ करत होता. फोन करणाऱ्या पोरांना घरात शिरल्यावर काय ते समजायचं, आणि समजल्यावर ते नोंदवायला जागा नाही. मग दुसऱ्या दिवशी दुसरा पोरगा तीच यादी घेऊन फोन करणार. त्या मुलाला मी बोललो नाही. महिनाअखेरीला त्याला किती खाती 'सोडवून' दाखवावी लागतात ते मी त्याला विचारलं, त्याने सांगितलं. तो आकडा इथे लिहिला तर त्याची नोकरी जाईल.

आणि हे सगळं चालू असताना दादाची दीड लाखाची ठेव त्याच बँकेत पडून होती. ठेवीच्या दाव्याचे कागद वहिनींनी शाखेत दिले होते. कागद पूर्ण मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मृत ठेवीदाराचा दावा निकाली काढायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेने सांगितलं, कार्डाची बाकी आहे म्हणून ठेवीवर होल्ड लागलाय, ती भरा मग ठेव मिळेल. कार्ड विभागाला म्हटलं, ठेवीतून वळती करून घ्या, वारसांची संमती लेखी देतो. ते म्हणाले, ठेवींशी आमचा संबंध नाही, पेमेंट लिंकवरूनच करा. म्हणजे घेणं जेवढं, त्याहून जास्त पैसे बँकेच्या स्वतःच्या तिजोरीत, आणि बँकेचा माणूस वहिनींकडे हजार रुपयांचं टोकन मागतोय. आमच्या संस्थेत असं झालं असतं तर लेखापरीक्षकाने आम्हालाच फैलावर घेतलं असतं.

मी शेवटी बँकेच्या मुख्य तक्रार निवारण अधिकाऱ्यांना लेखी तक्रार केली. त्यात मृत्यूची तारीख, खबर दिल्याचा ईमेल, त्यानंतर लागलेलं व्याज आणि शुल्क ओळीने, फोनच्या तारखा आणि वेळा (दोन फोन रात्री आठनंतरचे होते), अधिकारपत्राशिवाय झालेली भेट, बँकेचं स्वतःचं धोरण, रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आणि ठेवीची पावती, हे सगळं जोडलं. मागणी तीन वाक्यांची: मृत्यूच्या तारखेनंतरचे सगळे आकार रद्द करा, मूळ बाकी ठेवीतून वळती करा, उरलेली रक्कम वहिनींना द्या. आणि शेवटी लिहिलं की तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. २०२१ पासून बहुतेक बँकांसाठी एकच लोकपाल योजना आहे, तक्रार ऑनलाइन आणि फुकट करता येते, वकील लागत नाही.

लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. मुदतीच्या आत बँकेच्या तक्रार कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. आधी त्यांनी विचारलं, आत्ता बोलायला सवड आहे का. मग वहिनींशी बोलायची परवानगी मागितली आणि त्यांना जे म्हणाल्या ते मी ऐकलं: "मॅडम, एक गोष्ट आधी स्पष्ट करते. हे देणं तुमचं वैयक्तिक नाही. त्यांनी मागे जे ठेवलं आहे त्यातूनच ते फिटायचं आहे, आणि ते पुरेसं आहे." वहिनींनी फोन माझ्याकडे दिला आणि आत गेल्या. त्यांना ऐकायचं होतं ते इतकंच होतं, आणि ते पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. माझा एक तारा त्या बाईंना आहे.

पुढचं काम सरळ झालं. आकार रद्द झाले, एक लाख बारा हजार चारशे ठेवीतून वळते झाले, उरलेले आणि बचत खात्यातले पैसे वहिनींच्या खात्यात आले, नो ड्यूजचं पत्र हातात पडलं. दादाचं देणं दादाच्याच पैशांतून फिटलं. त्याला तसंच हवं असतं. तो कुणाचे पैसे ठेवणारा माणूस नव्हता.

कुणी म्हणेल की तुम्ही वसुलीतले होतात म्हणून निभावलं. अगदी बरोबर, आणि माझा राग त्यावरच आहे. ज्या घरात असा दीर नाही, त्या घरातली बाई हजार टाकते, मग पाच हजार टाकते, मग मुलाच्या नावावर हप्ते पाडून घेते. अमेरिकेत तर मृतांच्या कर्जाच्या वसुलीवरच चालणाऱ्या खास कंपन्या आहेत. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०११ मध्ये धोरण जाहीर केलं, त्याचा सारांश हाच की नातेवाइकांना आपण खिशातून देणं लागतो असं भासवायचं नाही. त्या बाईंनी जे वाक्य फोनवर सांगितलं, तेच तिथे वसुलीवाल्यांकडून अपेक्षित आहे. आपल्याकडे ते तक्रार केल्यावर ऐकायला मिळालं.

तुलनेसाठी घरकर्जाच्या बँकेबद्दलही लिहितो. ती जागा जुनाट, लिफ्ट बंद, कागदांच्या तीन-तीन प्रती मागतात आणि एक अर्ज त्यांनी हरवलासुद्धा. तरी मी त्यांना चार तारे देईन. तिथल्या अधिकाऱ्यांनी वहिनींना समोर बसवून पहिल्या भेटीतच सांगितलं की तुम्ही सहकर्जदार आहात, म्हणून हे कर्ज तुमच्यावर येतं, हे टळणार नाही. वाईट बातमी होती, पण खरी होती. मग त्यांनी स्वतःहून फाइल काढून कर्जाबरोबर विमा घेतलेला होता का ते तपासलं. नव्हता. मग मुदत वाढवून हप्ता किती खाली येतो ते कागदावर मांडून दिलं आणि म्हणाले, घरी जाऊन मुलाशी बोला, आज सही करू नका. थकबाकीचा एकही फोन त्या बँकेकडून आला नाही, आणि त्यांचा हप्ता एकदाही चुकलेला नाही. वसुलीच्या धंद्यातल्या कुणाला यात काही शिकण्यासारखं दिसत असेल तर दिसावं.

या खासगी बँकेचं कार्ड तुमच्या घरात असेल आणि तशी वेळ आली, तर मृत्यूची खबर फोनवर देऊन थांबू नका, ईमेलने दाखल्यासह द्या आणि तारीख जपून ठेवा. त्या तारखेचं स्टेटमेंट मागून घ्या. फोनवर हो-ना काही बोलू नका, 'लेखी पाठवा' एवढंच म्हणा. एक रुपयाही लिंकवरून टाकू नका आणि 'वारसाचं हमीपत्र' नावाचा कागद पुढे आला तर सही करू नका. त्याच बँकेत ठेव किंवा बचत आहे का ते आधी शोधा. आणि घरात काय काय आलं आहे त्याची वेगवेगळी चळत करा. भविष्य निर्वाह निधीची नॉमिनीला मिळणारी रक्कम मृताच्या कर्जापासून मुक्त असते, कायद्यात तसं स्पष्ट आहे. नवऱ्याने १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली बायको-मुलांसाठी पॉलिसी काढली असेल, तर तिलाही त्याला कर्ज देणारे हात लावू शकत नाहीत. वहिनींकडे पीएफचे पैसे आले तेव्हा एका फोनवाल्याने 'क्लेम आलाच असेल ना, त्यातून भरा' असं सुचवलं होतं. त्याला ते पैसे मागायचा अधिकार नव्हता.

सगळं मिटल्यावर मी त्या तक्रार कार्यालयाला आणखी एक पत्र लिहिलं. त्यात दोनच सूचना आहेत. एजन्सीच्या यादीत 'मयत' हा पर्याय घाला आणि तो निवडला की त्या खात्यावरचे फोन आपोआप बंद होऊ द्या. आणि फोनवर बोलणाऱ्या मुलांच्या हातातल्या कागदावर सर्वांत वर हे वाक्य छापा: 'हे देणं तुमचं वैयक्तिक नाही, त्यांच्या मालमत्तेपुरतंच आहे, आणि आज तुम्हाला काहीही भरायचं नाही.' संबंधित विभागाकडे पत्र पाठवल्याची पोच आली आहे. त्यांनी खरोखर काही बदल केला, तर हा एक तारा मी आनंदाने वाढवीन.